फॉग लॅब, नोंद ७ : मल्टिकास्ट २६० सेकंदांनीच का मरतो

फॉग म्हणजे डिस्कची तयार प्रत (इमेज) एका सर्व्हरवरून नेटवर्कने अनेक मशीनमध्ये ओतणारी प्रणाली, आणि मल्टिकास्ट म्हणजे एकदाच पाठवलेला डेटा सगळ्या मशीननी एकाच वेळी उचलणं. सहाव्या नोंदीत ‘मल्टिकास्ट जमला, आता चोवीस मशीन एका दमात’ असं छातीठोकपणे लिहिलं होतं. ते शब्द गिळायची वेळ आली. सहा मशीनची चाचणी झकास झाली होती, पण चोवीसची रांग लावली की पार्टक्लोनचा (डिस्कवर इमेज लिहिणारा प्रोग्राम) निळा पडदा मध्येच गोठायचा आणि परत हलायचं नाव नाही. आज तिढा सुटला. दोष फॉगमध्ये नव्हताच आणि सगळी शोधाशोध फॉगमध्येच चालली होती.

मांडणी तीच आहे. डेबियन १२ वर फॉग १.५.१०, सर्व्हर १९२.१६८.१०.५, राउटरच्या डीएचसीपीला (आयपी पत्ते वाटणारी सेवा) हात लावायचा नाही म्हणून डीएनएसमास्क (मशीनला नेटवर्कवरून बूट व्हायची वाट दाखवणारा प्रोग्राम) प्रॉक्सी मोडमध्ये. मास्टर इमेज विंडोज ११ ची. डिस्कवर ४२ जीबी, झेडएसटीडीने दाबून सर्व्हरवर १८ जीबी. चोवीसपैकी चौदा मशीनना एसएसडी आहे, दहांना अजून जुन्या ५०० जीबीच्या फिरत्या डिस्का. सहा मशीनच्या चाचणीत सगळी एसएसडीवालीच होती. मेख तिथेच होती, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

युनिकास्टने (प्रत्येक मशीनला वेगळी प्रत पाठवून) भागत नाही, हे गणित जुनंच. १८ गुणिले २४ म्हणजे ४३२ जीबी. गिगाबिट तारेतून सेकंदाला ११० एमबी धरले तरी पासष्ट मिनिटं, आणि सर्व्हर तेवढा वेळ धापा टाकणार. मल्टिकास्टमध्ये तेच १८ जीबी तारेवर एकदाच जातात.

आता लक्षण. पहिल्या दिवशी सगळी मशीन ४० टक्क्यांच्या पुढे कुठेतरी थांबली. दुसऱ्या दिवशी १७ टक्क्यांवर. तिसऱ्यांदा तीन मशीन आधी गोठली, बाकीची त्यांच्या पाठोपाठ. सर्व्हरवर मल्टिकास्टच्या लॉगमध्ये यूडीपी-सेंडरची (सर्व्हरवरून डेटा फेकणारा प्रोग्राम) ‘टाइमआउट नॉटआन्सर्ड’ अशी ओळ, कंसात क्लायंटचे क्रमांक, आणि मग एकेकाला ‘ड्रॉपिंग क्लायंट’ म्हणत बाहेर काढणं. सेंडर प्रत्येक तुकड्यानंतर सगळ्यांच्या पोचपावतीसाठी थांबतो, त्यामुळे एक मशीन बहिरं झालं की बाकीची तेवीस ताटकळतात.

संशयितांची यादी थोडक्यात: तारा बदलल्या, फरक नाही. स्पॅनिंग ट्री (स्विचांमध्ये चक्र होऊ न देणारी सोय) तर मागेच एज पोर्ट करून मिटवलं होतं (नाहीतर पोर्ट जागं व्हायला ३० सेकंद लागतात आणि पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरून बूट, तोवर हात टेकतं). सर्व्हरचा फायरवॉल बंद करून पाहिला. रिअलटेकच्या कार्डावर आळ घेऊन फॉगचं कर्नल बदललं. सर्व्हरची डिस्क तपासली, ती निवांत होती. यातल्या कशानेही टक्का सुद्धा हलला नाही.

सुटला तो घड्याळाने. टक्के दर वेळी वेगळे, पण मशीनवर यूडीपी-रिसीव्हर उभा राहिल्यापासून ते गोठेपर्यंतचा वेळ मोजला तर दर वेळी चार मिनिटं वीस सेकंद, एखाद-दुसरा सेकंद इकडे तिकडे. दुसऱ्या दिवशी १७ टक्क्यांवर अडकलं, कारण एक आळशी मशीन उशिरा बूट झालं आणि बाकीच्यांची तीनेक मिनिटं वाट पाहण्यातच गेली. जी तीन आधी गोठली ती आधी रांगेत आलेली होती.

चार मिनिटं वीस सेकंद म्हणजे २६० सेकंद. आयजीएमपीचे (मल्टिकास्ट गटात कोण आहे ते सांगायची नेटवर्कची भाषा) मूळ आकडे ज्यांना पाठ आहेत त्यांची इथे ट्यूब पेटेल. दोन गुणिले १२५, अधिक १०. क्वेरी म्हणजे ‘कोण ऐकतंय?’ ही विचारणा; दोन क्वेऱ्यांमधलं अंतर १२५ सेकंद, एखादी क्वेरी हुकली तरी चालेल एवढी सवलत, वर उत्तराला १० सेकंद. तेवढ्या वेळात ‘मी अजून ऐकतोय’ असा रिपोर्ट आला नाही की स्नूपिंग करणारा (म्हणजे हे रिपोर्ट ऐकून मागेल त्याच पोर्टाला डेटा देणारा) स्विच त्या पोर्टाचं नाव गटातून खोडतो.

रिपोर्ट का येत नव्हता? कारण कुणी विचारतच नव्हतं. क्लायंट गटात शिरताना आपणहून एक-दोनदा ‘मी आलो’ म्हणतो, त्यानंतर विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. विचारायचं काम क्वेरियरचं. तो साधारणपणे मल्टिकास्ट राउटर असतो, आणि या लॅबमध्ये तसा राउटरच नाही. स्विचवर स्नूपिंग चालू, क्वेरियर कुठेच नाही. शिवाय अनोळखी मल्टिकास्ट टाकून देण्याचा पर्यायही चालू होता. तो बंद असता तर नाव खोडल्यावर स्विचने सगळीकडे पूर केला असता आणि काम झालं असतं, दोष मात्र झाकलाच राहिला असता.

सहा एसएसडी मशीन पार का पडली, तेही यातच आलं. त्यांचं काम तीन मिनिटं पंचवीस सेकंदांत उरकत होतं, म्हणजे २०५ सेकंद. मुदत संपायच्या आत गाडी स्टेशनात. फिरती डिस्क सेकंदाला ८५ एमबी लिहिते, तिला ४२ जीबीला आठ मिनिटं हवीत. ती रांगेत आली की सगळ्यांचीच मुदत उलटते.

आणखी एक चकवा. मशीन सर्व्हरला व्यवस्थित जोडली जातात, म्हणून वाटतं मल्टिकास्ट ठीक आहे. पण यूडीपीकास्ट (सेंडर-रिसीव्हरची ही जोडी) एकमेकांना शोधायला डेटाचा मल्टिकास्ट गट वापरत नाही, प्रत्यक्ष डेटाच तेवढा त्या गटाने जातो. त्याचा पत्ता सर्व्हरच्या आयपीवरून बनतो. आपल्याकडे १९२.१६८.१०.५ चा २३२.१६८.१०.५ होतो आणि लॉगमध्ये ‘युझिंग एमकास्ट अ‍ॅड्रेस’पुढे तो दिसतो. म्हणजे ‘कनेक्ट झालं’ यावरून मल्टिकास्टबद्दल काहीही सिद्ध होत नाही. खात्री करायची तर सर्व्हरवर टीसीपीडंपला (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) फक्त आयजीएमपीचा फिल्टर लावून पाच मिनिटं बघत बसा. एकही क्वेरी दिसली नाही की रोग कळला.

उपाय सोपा असायला हवा होता: स्विचच्या पानावर क्वेरियरची खूण करायची. पण या स्विचमध्ये क्वेरियर नाहीच. खोक्यावर ‘आयजीएमपी स्नूपिंग’ ठळक छापलंय, क्वेरियरचा शब्द नाही, आणि विक्रेत्याला विचारलं तर तो ‘स्नूपिंग आहे ना, मग झालं’ म्हणतो. नवा स्मार्ट स्विच घेणाऱ्यांनी आधी त्याच्या मॅन्युअलच्या पीडीएफमध्ये ‘क्वेरियर’ शोधावं. नसेल तर दुसरा बघावा.

स्नूपिंग सरळ बंद करण्याचा मोह झाला. चोवीसच्या चोवीस पोर्टांना तोच डेटा हवाय, पूर आला तर बिघडलं कुठे? बिघडतं ते वायफायचं. त्याच व्हीलॅनमध्ये (स्विचमध्ये वेगळं पाडलेलं नेटवर्क) अ‍ॅक्सेस पॉइंट आहे, आणि मल्टिकास्ट हवेत सगळ्यात संथ दराने फेकला जातो. इमेजिंग चालू असताना शिक्षकांच्या खोलीतले फोन मेले असते. अ‍ॅक्सेस पॉइंट दुसऱ्या व्हीलॅनमध्ये हलवता येत असेल तर मात्र हा मार्ग वाईट नाही.

मग क्वेरियर सर्व्हरलाच केलं. लिनक्सच्या ब्रिजमध्ये (सर्व्हरच्या आतला सॉफ्टवेअरचा स्विच) ती सोय आहे. नेटवर्कच्या इंटरफेसेस फाइलमध्ये बीआर० नावाचा ब्रिज, त्यात ईएनओ१ (सर्व्हरचं नेटवर्क कार्ड) हे एकच पोर्ट, स्थिर आयपी आता ब्रिजवर, ब्रिजचा एसटीपी (स्पॅनिंग ट्री) बंद, फॉरवर्ड डिले शून्य. पोस्ट-अप ओळीत सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंग्जच्या फाइली) ‘मल्टिकास्ट क्वेरियर’ला १ लिहायचा.

रीबूट केलं आणि आधीपेक्षा वाईट झालं. आता २६० सेकंद सोडाच, पहिला बाइटही पोचेना.

या टप्प्यावर अख्खी संध्याकाळ गेली, म्हणून नीट लिहितो. ब्रिज क्वेरी पाठवतो तेव्हा स्रोत पत्ता म्हणून ०.०.०.० लावतो. क्वेरी क्लायंटपर्यंत जाते, ते रिपोर्टही देतात. पण शिस्तीचा स्विच ०.०.०.० वरून आलेल्या क्वेरीमुळे त्या पोर्टाला राउटर पोर्ट मानत नाही, आणि रिपोर्ट तर तो फक्त राउटर पोर्टाकडे पाठवतो. परिणामी रिपोर्ट सर्व्हरपर्यंत येतच नाहीत. इकडे ब्रिज स्वतःही स्नूपिंग करतो. क्वेरियर मीच, सदस्य एकही नाही, म्हणजे हा डेटा कुणाला नकोय, असं म्हणून तो पॅकेट ईएनओ१ वर जाऊच देत नाही. आधी स्विच चार मिनिटांनी दार लावत होता, आता सर्व्हरने घरातूनच कडी घातली.

औषध म्हणजे एकच ओळ: ‘मल्टिकास्ट क्वेरी यूज आयएफअ‍ॅडर’ यालाही १. मग क्वेरी १९२.१६८.१०.५ च्या नावाने जाते. स्विचच्या पानावर सर्व्हरचं पोर्ट राउटर पोर्टांच्या यादीत आलं, आणि सर्व्हरवर ‘ब्रिज एमडीबी शो’ केल्यावर २३२.१६८.१०.५ ची नोंद दिसली. ती ओळ दिसली तेव्हा जो चहा प्यायलो त्याला तोड नाही. हाताशीच होतं म्हणून क्वेरीचं अंतर १२५ वरून ६० सेकंदांवर आणलं. तो आकडा शतांश सेकंदांत लिहायचा असतो, म्हणजे ६०००. आणखी एक फुकटचा फायदा: लिनक्स क्लायंट मुळात आयजीएमपीची तिसरी आवृत्ती बोलतो, ब्रिजची क्वेरी दुसऱ्या आवृत्तीची असते. ती ऐकली की क्लायंटही दुसरीवर उतरतो, आणि स्वस्त स्विचला नेमकी तीच समजते.

ब्रिज केल्यावर इंटरफेसचं नाव तीन ठिकाणी बदलायचं, एकही विसरू नका. फॉगच्या स्टोरेज नोडमधलं इंटरफेसचं खानं, नाहीतर यूडीपी-सेंडर जुन्याच ईएनओ१ ला धरून बसतो. डीएनएसमास्कची इंटरफेस ओळ, नाहीतर पीएक्सईला उत्तरच मिळत नाही. आणि ऑप्टखालच्या फॉग फोल्डरमधली लपलेली फॉगसेटिंग्ज फाइल, नाहीतर पुढच्या अपडेटला इन्स्टॉलर सगळं पुन्हा पहिल्यासारखं करून ठेवतो.

निकाल: चोवीसच्या चोवीस, मिश्र डिस्का, आठ मिनिटं चाळीस सेकंद. एकही गळालं नाही. दुसऱ्या फेरीत मुद्दाम एक मशीन सहा मिनिटं उशिरा चालू केलं, तरी कुणी गळालं नाही.

पुढचा बेत होता एसएसडी आणि फिरत्या डिस्कांचे दोन गट करायचा. हे लिहिता लिहिताच आकडेमोड केली आणि हवा गेली. एकामागे एक केले तर ३:२५ अधिक सव्वाआठ, म्हणजे एकत्र चालवण्यापेक्षा तीन मिनिटं जास्तच. दोन्ही गट एकाच वेळी चालवायचे तर एसएसडीला ९० आणि फिरत्यांना ३६ एमबी, बेरीज १२६. गिगाबिटात मावत नाही. शिवाय दोन्ही सत्रांचा पत्ता सर्व्हरच्या आयपीवरूनच बनणार, म्हणजे एकच. पोर्ट क्रमांक वेगळे असले तरी स्नूपिंग पत्त्यावर चालतं, त्यामुळे प्रत्येक मशीनच्या तारेत दोन्ही प्रवाह शिरणार. त्यासाठी फॉग सेटिंग्जमध्ये मल्टिकास्ट अ‍ॅड्रेस आहे. तिथे शून्याच्या जागी २३९.१०.१०.० टाकून बघायचं आणि दुसऱ्या सत्राच्या लॉगमध्ये पत्ता खरंच वेगळा आला का ते तपासायचं. २३९.०.० ने सुरू होणारा पत्ता मात्र नको. मॅक पत्त्यात उतरताना शेवटचे २३ बिटच उरतात, तो २२४.०.० च्या राखीव पट्ट्यावर जाऊन बसतो आणि स्विच त्याचा पूर करतो.

वेळ वाचणार नाही, तरी गट करायचं एक कारण उरतंच: दहापैकी दोन डिस्का रडतायत. एकीने सेक्टर वाचवायला दम घेतला की बाकीची तेवीस मशीन थांबतात. तेव्हा गट एसएसडीप्रमाणे न करता स्मार्टच्या (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) ५ आणि १९७ क्रमांकाच्या आकड्यांवर करायचे. यातला एक जरी शून्यापेक्षा जास्त असेल ते मशीन मल्टिकास्टमधून बाहेर, त्याला रात्री एकट्याला युनिकास्ट.

इमेजमधली एक छोटी जीत राहिली. सिसप्रेपनंतर (विंडोजची प्रत वाटण्याआधी तिची ओळख पुसणारं साधन) मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड दर वेळी गायब व्हायचा, कॉपीप्रोफाइल (तयार प्रोफाइल नव्या खात्यांना देणारी सेटिंग) तो नेत नाही. उत्तरफाइलमध्ये ओओबीई सिस्टिमच्या पासमध्ये इनपुटलोकेलला ‘०४०९:०००००४०९;०४४ई:०००००४४ई’ दिलं (फाइलमध्ये अर्थात रोमन आकडे आणि अक्षरं). आता पहिल्या लॉगिनलाच मराठी हजर. बिटलॉकर बंद आहे ना आणि फास्ट स्टार्टअप काढलंय ना, हे कॅप्चरआधी बघायला विसरू नका, नाहीतर पार्टक्लोन एनटीएफएसला हात लावायला नकार देतो.

रिफर्बिश्ड मशीन घेणाऱ्यांसाठी: बायोसला पासवर्ड नाही हे दुकानातच चालू करून बघा, आणि साटा रेड मोडवर असेल तर तिथेच एएचसीआय करून घ्या. फॉगला ‘डिस्क सापडली नाही’ म्हणायची सवय बहुतेक वेळा त्यामुळेच असते. दहापैकी चार मशीनचा सीआर२०३२ सेल मेलेला निघाला. लाईट गेली की बायोस मूळपदावर, सिक्युअर बूट परत चालू, आणि फॉगचं आयपीएक्सई (नेटवर्कवरून बूट करणारा प्रोग्राम) सहीविना असल्याने बूटच होत नाही. सेल आणलेत, शनिवारी बसवायचे. त्याच फेरीत दहाही फिरत्या डिस्कांचे स्मार्टचे आकडे उतरवून घेतो.