दोन डब्ल्यूंच्या मधली जागा

सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या २७ किलोमीटर परिघाच्या लेप त्वरकात १९९६ पासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींतून डब्ल्यू बोसॉनांच्या, म्हणजे क्षीण बल वाहून नेणाऱ्या जड कणांच्या, जोड्या मिळू लागल्या. तेथील चार प्रयोगांपैकी एकात, डब्ल्यूचे वस्तुमान काढणाऱ्या गटात, मी काम करीत होते. सुमारे ४६ टक्के जोड्यांत दोन्ही डब्ल्यू क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांत फुटतात आणि शोधकात चार जेट, म्हणजे कणांचे चार झोत, दिसतात. टकरींच्या अशा नोंदींत शोधकाला न दिसणारा न्यूट्रिनो निसटत नाही, ऊर्जेचा हिशेब पूर्ण लागतो, आणि तरीही आमचा सर्वांत कमी विश्वास याच नोंदींवर होता.

त्याचे कारण अंतरात आहे. डब्ल्यू जेमतेम ०.१ फर्मी जाऊन फुटतो; एक फर्मी म्हणजे साधारण प्रोटॉनच्या त्रिज्येएवढे अंतर. क्वार्कांमधला रंगक्षेत्राचा, म्हणजे त्यांना बांधणाऱ्या तीव्र बलाचा, तंतू ताणला जाऊन त्यातून हेड्रॉन, म्हणजे क्वार्कांचे बनलेले कण, घडण्यास मात्र १ फर्मीच्या आसपास अंतर लागते. म्हणजे हेड्रॉन घडत असताना दोन्ही डब्ल्यूंचे तंतू एकमेकांत शिरलेले असतात, आणि एकाचा क्वार्क दुसऱ्याच्या प्रतिक्वार्काशी जोडला जाऊ शकतो. एकाच मांडवात दोन लग्नांच्या पंगती बसल्यावर पाहुणा कोणाकडचा हे सांगता येऊ नये, तशी प्रत्येक पायॉनची, म्हणजे सर्वांत हलक्या हेड्रॉनची, गत होते. आम्ही मात्र तो कोणत्या तरी एका डब्ल्यूच्या खात्यावर टाकूनच वस्तुमान काढीत होतो. स्योस्ट्रँड आणि खोझे या सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये यासाठी प्रतिमाने मांडली; पण त्यांतील सर्वाधिक वापरल्या गेलेल्या प्रतिमानात ही पुनर्जोडणी किती वेळा होते हे ठरवणारा आकडा सिद्धांतातून निघत नाही, तो बाहेरून घालावा लागतो.

तो विदेतूनच काढण्याची रीत मला आजही अतिशय देखणी वाटते. चार जेटांमधले कोन पाहून अशाच नोंदी निवडायच्या की कोणते दोन जेट एका डब्ल्यूचे हे बहुधा बरोबर ओळखता येईल. या चाळणीत बहुतेक नोंदी गळतात. मग प्रत्येक कणाचा कोन शेजारच्या दोन जेटांमधल्या कोनाच्या प्रमाणात मोजायचा, म्हणजे जेट जवळ असोत वा लांब, प्रत्येक फट ० ते १ एवढीच होते. एका डब्ल्यूच्या दोन जेटांमधल्या फटीतले कण आणि दोन वेगळ्या डब्ल्यूंमधल्या फटीतले कण यांचे गुणोत्तर घ्यायचे. पुनर्जोडणी होत असेल तर पहिल्या फटीतले कण कमी होतात आणि दुसऱ्या फटीतले वाढतात. फरक थोड्याच टक्क्यांचा असतो आणि तो जवळजवळ सगळा मंदगती कणांत असतो, म्हणजे जे कण नीट मोजणे सर्वांत अवघड असते त्यांच्यातच.

लेप २ नोव्हेंबर २००० रोजी बंद झाला. त्यानंतर काही काळाने सगळ्या ऊर्जांची विदा एकत्र करून आम्ही तो आलेख काढला. एक वक्र पुनर्जोडणी मुळीच नसल्याचा होता आणि दुसरा प्रत्येक नोंदीत ती असल्याचा. आमचे बिंदू दोहोंच्या मध्ये पडले आणि त्यांच्या त्रुटिरेषा इतक्या लांब होत्या की पहिला वक्र नाकारण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘परिणाम आढळला नाही’ असे लिहून मोकळे व्हावे असे सुचवले. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण आढळला नाही आणि पाहण्याइतकी विदा नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बैठकीत त्या एक होऊ देण्याची घाई आमच्या क्षेत्रात फार चालते.

चारही प्रयोगांचा एकत्रित निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुनर्जोडणी नाहीच, हे गृहीतक ९९.५ टक्के विश्वासपातळीवर विदेशी जुळत नाही, आणि त्या प्रतिमानानुसार टकरीच्या १८९ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेला सुमारे निम्म्या नोंदींत ती होते. डब्ल्यूचे वस्तुमान ८०.३७६ जीईव्ही आले, त्रुटी ०.०३३. मंदगती कणांचा प्रभाव मुद्दाम कमी करून पुनर्जोडणीमुळे येणारी अनिश्चितता आटोक्यात आणली गेली, तरीही या सरासरीत चार जेटांच्या नोंदींचे वजन केवळ २२ टक्के राहिले.

वस्तुमानासाठी हा मार्ग योग्यच होता, हे मी मान्य करते. पण ज्या कणांत या घटनेची खूण होती, त्यांच्याकडे आम्ही मुख्यतः अडथळा म्हणून पाहिले, ही गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही. आज सर्नच्याच एलएचसी या प्रोटॉन त्वरकावर टॉप क्वार्क या सर्वांत जड क्वार्कच्या वस्तुमानाच्या अनिश्चिततेतही हाच विषय पुन्हा येतो, आणि प्रोटॉनांच्या टकरींत तो कितीतरी अधिक गढूळ असतो. सर्नमध्ये विचाराधीन असलेल्या नव्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन त्वरकात डब्ल्यूच्या कोट्यवधी जोड्या मिळतील असा अंदाज आहे. तो उभा राहिला, तर पहिल्या वर्षाच्या विदेतून वस्तुमानाच्याही आधी फटींमधल्या कणांचा हा आलेख काढावा, असे मी तेथील तरुण मंडळींना आग्रहाने सांगेन.