आमची वाटचाल : उद्यमबाग ते पुणे

दादांनी १९९६ साली कर्ज काढून एक जुना ट्रक घेतला आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांचा, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांचा, माल पुण्याला पोचवायला सुरुवात केली. आज आमच्या सहा गाड्या आहेत.

तेव्हा राज्याच्या हद्दीवरच्या विक्रीकर नाक्यावर अख्खी रात्र जायची. प्लास्टिकच्या पिशवीत बिल्टी (मालाची वाहतूक-पावती), बिलं, फॉर्म घेऊन ड्रायव्हर रांगेत, आणि मागे गोणपाटात बांधलेली पंपाची कास्टिंग्ज. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, विक्रीकराचे नाके उठले, नि आमची रात्र वाचली. रेल्वेसमोर टिकण्याचं खरं बळ आम्हाला तेव्हा मिळालं.

रेल्वेशी आमचं वैर नाही. सिमेंट, खत मालधक्क्यावर वाघिणींनी उतरतं, तिथून गावोगाव आमच्याच गाड्या नेतात. पण लांबच्या, भरपूर वजनाच्या मालात आम्ही मागे पडतो आणि त्याला करही कारण आहे. कागदावर दोघांच्या भाड्यावर ५ टक्केच जीएसटी. आमच्या भाड्यावरचा कर कारखानदार स्वतः भरतो आणि त्याची वजावटही घेतो, म्हणजे तेवढी रक्कम आपल्या करातून वळती करतो. मात्र या ५ टक्क्यांत आम्हाला टायर, सुट्या भागांवरच्या कराची वजावट मिळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, तेवढा दिलासा.

डिझेलला तर जीएसटीच नाही. केंद्राचं उत्पादन शुल्क आणि त्यावर राज्याचा विक्रीकर, दोन्ही आमच्याच अंगावर. रेल्वेची इंजिनं आता बहुतेक विजेवर. कर्नाटकात डिझेलवरचा विक्रीकर जून २०२४ मध्ये १४.३४ वरून १८.४४ टक्के झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये २१.१७. लिटरमागे साधारण पाच रुपये वाढले. बेळगाव–पुणे सुमारे ३४० किलोमीटर. गाडी लिटरला चार देते, म्हणजे जाऊन-येऊन १७० लिटर. एका खेपेला ८५० रुपये जास्त, आणि वर टोल आहेच. पूर्वी कोल्हापूरकडच्या गाड्या हद्दीलगत कर्नाटकातल्या निपाणीला येऊन टाकी भरायच्या, कारण इथं डिझेल बरंच स्वस्त होतं.

डिझेल जीएसटीत घ्या, ही आमची मागणी मनापासूनची आहे. भाडं वाढवून मागितलं की कारखानदार विचारतात, ‘‘कर तर तोच आहे ना?’’ मग मी डिझेल पंपाची पावती त्यांच्यासमोर ठेवतो.