नांदूरमध्यमेश्वर: दुर्बीण खाली ठेवल्यावर

नांदूरमध्यमेश्वरला पोचलं की माणूस आधी आभाळाकडे बघतो. आम्हीही बघितलं. पण या खेपेला मी आले होते काठाच्या वीतभर पाण्यातल्या पाणभुंगेऱ्यांसाठी. पावसाळा सरून पंधरवडा झाला होता. पाणकणसाच्या मुळाशी शेवाळलेली डबकी अजून भरलेली होती. मी उकिडवी बसले, तशी सोबतच्या वाटाड्यानं आठवण केली, "ताई, पक्षी त्या अंगाला आहेत."

गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्यामागे गाळ साठत गेला आणि ही पाणथळ तयार झाली. १९८६ साली तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला. रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक यादीत गेलेली महाराष्ट्रातली ही पहिली जागा. इथं जाळं टाकून काही पकडायचं नाही. त्यामुळे पाणभुंगेरे ओळखायचे तर एकच वाट: ते श्वास कसा घेतात ते बघत राहायचं.

पहिला आला तो शेपटीकडून. हिरवट काळा, बदामाएवढा, कडेला पिवळी किनार असलेला सायबिस्टर. पाठीवरच्या कडक पंखांखाली तो हवा भरून घेतो, कारण त्याची श्वासरंध्रं तिथंच उघडतात. क्षणभर मागचं टोक पाण्याबाहेर, की मागचे दोन्ही पाय वल्ह्यांसारखे एकदम मारत तो खाली. त्याच्याच कुळातले तांदळाएवढे ठिपकेदार भाऊबंदही तसेच उलटे टांगलेले दिसले.

मग एक डोक्याकडून वर आला. हा हायड्रोफिलस, वेगळ्या कुळातला. डोकं जरा तिरपं करून तो आखूड मिशीनं पाण्याचा पापुद्रा फोडतो आणि तिथून हवा पोटाखाली ओढून घेतो. पोटाला चांदीचा वर्ख लावल्यासारखा दिसत होता. पोहताना पाय आळीपाळीनं हलतात, म्हणजे जवळजवळ चालल्यासारखाच. त्या चंदेरी थराची खुबी मला फार आवडते: आतला प्राणवायू कमी होऊ लागला की भोवतालच्या पाण्यातून थोडा थोडा आत झिरपतो, म्हणून भुंगेऱ्याला बराच वेळ खाली राहता येतं.

डबक्याच्या बंधाऱ्याकडच्या शांत कोपऱ्यात तिसरी तऱ्हा होती. काळे चकचकीत भुंगेरे पाण्यावर गोल गोल गिरक्या घेत होते. त्यांचा प्रत्येक डोळा दोन भागांत विभागलेला असतो. वरचा भाग हवेत बघतो, खालचा पाण्यात. सावली पडली की सगळा थवा एकदम फुटतो.

जगात पाणभुंगेऱ्यांच्या बारा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. आकडा वाचून काही वाटत नाही. पण चार हात लांबीच्या एका डबक्यात जगण्याच्या तीन तऱ्हा बघितल्या की तो अंगावर येतो. वाटाडेदादाही आता शेजारी बसले होते. शेवाळात लपलेली, विळ्यासारख्या जबड्यांची पाणभुंगेऱ्याची एक अळी त्यांनीच दाखवली. ती बेडकाच्या पिल्लाला धरून होती. तिचे जबडे पोकळ असतात. त्यांतून पाचकरस सोडायचा आणि विरघळलेलं शोषून घ्यायचं.

"हिचा भुंगा होतो कुठं? पाण्यातच?" त्यांनी विचारलं.

पाण्यात नाही. वाढ पुरी झाली की ती काठावर चढते, ओल्या मातीत घर करते आणि तिथं कोशात जाते. हे सांगताना दोघांचंही लक्ष एकदमच आमच्या पायांकडे गेलं. आम्ही चिखलातून उठलो आणि मागच्या कोरड्या पायवाटेवर जाऊन बसलो.