याचं फुलपाखरू कधी होते?

"हे त अळीवानी वळवळते! याचं फुलपाखरू कधी होते?" मायक्रोस्कोपला डोळा लावून मामाजी म्हणाले.

त्यांच्या म्हशीच्या रक्तात सर्रा रोगाचा एकपेशीय परजीवी, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, निघाला होता. "होत नाही, मामाजी," म्हटलं मी. ते म्हशीकडे वळले, प्रश्न माझ्या डोक्यात राहिला.

कारण याच्या आफ्रिकेतल्या भाऊबंदाचं होतं की! ट्रिपॅनोसोमा ब्रुसी त्सेत्से माशीच्या पोटात गेला की अंगावरचं प्रथिनांचं आवरणच बदलतो. त्याची बहुतेक जनुकं एकेक करून चालू-बंद होत नाहीत, लांब रांगेनं सरसकट वाचली जातात. मग कोणता आरएनए (जनुकाची वाचून काढलेली नक्कल) टिकवायचा, कोणता मोडायचा, यावर बरंचसं नवं रूप ठरतं. भलताच कारभार!

आपला इव्हान्सी मात्र गोमाशीच्या तोंडाला लागून या जनावरातून त्या जनावरात जातो. माशीच्या पोटात जगायला लागणारा डीएनए त्यानं केव्हाच गमावलाय.

म्हणून गरीब समजू नका. २००४ मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. इव्हान्सीला मारणारं, एरवी माणसाच्या रक्तात असणारं प्रथिनच त्या शेतकऱ्यात नव्हतं. सुरामिन या औषधानं तो शेतकरी बरा झाला.

तुमच्याकडे म्हैस तापली तर रक्त तपासतात, की थेट सुई?