मक्याचा तुरा आणि घोडीचा दमा

पोळा उलटून काही दिवस झाले होते. आदल्या रात्री नागपूर परिसरात विजांच्या कडकडाटासह जोराचा पाऊस पडून गेला होता आणि सकाळीच हिंगण्याच्या पुढच्या एका खेड्यातून फोन आला. वरातीसाठी घोडी पुरवणारे हे गृहस्थ माझ्या जुन्या ओळखीचे. "साहेब, रातभर धापा टाकून राहिली हो. चाऱ्याले तोंडच लावून नाही राहिली," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी पोचलो तेव्हा पांढरी घोडी मान पुढे ताणून गोठ्याच्या दाराशी उभी होती. नाकपुड्या फाकलेल्या होत्या, श्वास सोडताना पोट दोन टप्प्यांत आत ओढले जात होते आणि बरगड्यांच्या खालच्या कडेने एक तिरकी खोल रेघ उमटत होती. ही रेघ एका रात्रीत दिसू लागत नाही; आकसलेल्या श्वासनलिकांतून हवा बाहेर ढकलण्यासाठी पोटाचे स्नायू अनेक महिने जास्तीचे राबले, म्हणजे ते जाड होतात आणि मग ती दिसते. विश्रांतीत निरोगी घोडा मिनिटाला साधारण 8 ते 16 श्वास घेतो. हिचे श्वास 36 भरले. ताप नव्हता. छातीला स्टेथोस्कोप लावला तर श्वास सोडताना शिट्टीसारखा बारीक आवाज दोन्ही बाजूंना येत होता.

घोड्याच्या नाकातून स्राव येत असेल तर दम्याचा विचार करण्याआधी ग्लँडर्सचा विचार करावा लागतो. हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो आणि 2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार त्याची खबर सरकारी यंत्रणेला देणे बंधनकारक आहे. म्हणून हातमोजे आणि मास्क घालूनच मी तिचे नाक तपासले. स्राव दोन्ही नाकपुड्यांतून, पांढरट, बिनवासाचा होता. आत व्रण नव्हते, जबड्याखाली गाठी नव्हत्या, पायांवर फोडही नव्हते. तरीही रक्तनमुना घेतला आणि अहवाल येईपर्यंत घोडीला इतर जनावरांपासून वेगळे ठेवायला सांगितले. मालकांना ते आवडले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

त्यांचे निदान ठरलेले होते. गोठ्याच्या मागच्या बांधापलीकडे शेजाऱ्याचा मका उभा होता आणि तो नुकताच तुऱ्यावर आला होता. "मागच्या सालीही तुरा निघाला अन् हिचा खोकला सुरू झाला. दिवाळीपर्यंत आपोआप बसला. मंग हे मक्याचंच नाही तं काय?" असे ते म्हणाले. शेतकऱ्याच्या किंवा घोडेवाल्याच्या अशा निरीक्षणाला मी कधी हसत नाही. रोज जनावरासोबत राहणाऱ्या माणसाला ऋतूचा धागा आपल्या आधी दिसतो. बांधाशी जाऊन एक तुरा काळ्या छत्रीवर झटकला, तर खरोखरच पिवळ्या भुकटीचा थर पडला.

परंतु एक अडचण होती. मक्याचा परागकण हा वाऱ्यावर उडणाऱ्या परागांमध्ये बराच मोठा, 80 ते 100 मायक्रॉनच्या आसपासचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो जड असल्यामुळे बहुतांश शेताच्या आसपासच खाली बसतो, आणि नाकात गेलाच तर तिथल्या ओलसर आवरणाला चिकटून राहतो. फुप्फुसाच्या अगदी खोलवरच्या नळ्यांपर्यंत पोचायला कण साधारण 5 मायक्रॉनहून लहान असावा लागतो. घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही, त्यामुळे प्रत्येक श्वास नाकाच्या त्या लांब चाळणीतूनच आत जातो. डोळ्यांना दिसणाऱ्या पिवळ्या भुकटीने नाक चुरचुरेल, शिंका येतील. एवढ्या धापा लागतील का, ही शंका मला होती.

म्हणून गोठ्याच्या खिडकीच्या चौकटीवरची धूळ पारदर्शक चिकटपट्टीवर उचलून मी ती काचपट्टीवर लावून घेतली. दुपारी दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा मक्याचे गोल, गुळगुळीत कण होतेच. त्यांच्या शेजारी मात्र कितीतरी लहान, अंगभर काटे असलेले कण विखुरलेले होते. ते गाजरगवताच्या परागांसारखे होते आणि गोठ्याभोवती कमरेएवढे गाजरगवत पांढऱ्या फुलांनी भरलेले मी सकाळी पाहिलेच होते. या सगळ्यांच्या मधून, त्याहूनही बारीक, तपकिरी बुरशीच्या बीजाणूंची रांगोळी पडली होती.

बीजाणूंचा उगम सकाळीच हाताला लागला होता. घोडीच्या अंगाखाली धानाचे तणस अंथरलेले होते आणि गव्हाणीत हरभऱ्याचे कुटार, म्हणजे मळणीनंतरचे भुसकट, होते. पत्र्याच्या गळतीने तणसाचा खालचा थर भिजून काळपट झाला होता. मूठभर उचलून हलवले तर कुबट वासाची धूळ उठली. घोड्याच्या दम्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण हेच असते.

मग ऋतूचा धागा खोटा होता का? मला तसे वाटत नाही. श्वासनलिका बुरशीने वर्षभर सुजलेल्या असल्या, तर परागांचा थोडासा भारही घोड्याला पुरतो. शिवाय पावसात भिजून काही परागकण फुटतात आणि आतले सूक्ष्म कण बाहेर पडतात. हे कण मूळ परागासारखे नाकात अडकत नाहीत. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात 2016 च्या नोव्हेंबरमध्ये वादळानंतर हजारो माणसांना एकाएकी दम्याचा झटका आला आणि दहा जण दगावले, त्यामागे राय गवताचे असे फुटलेले पराग होते. आदल्या रात्रीच्या पावसाने हिंगण्यातही तसेच काही घडले, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. परंतु घोडीची धाप पावसानंतरच वाढली, ही गोष्ट मी केसपेपरवर नोंदवून ठेवली.

फुप्फुसात सलाइन सोडून ते परत ओढून पेशी तपासणे हा खात्रीचा मार्ग आहे. गंभीर दम्यात त्या द्रवात न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचे प्रमाण 25 टक्क्यांच्या वर जाते. पण एवढी धाप लागलेली घोडी ते त्या दिवशी सोसणार नव्हती. शिरेतून डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारे स्टिरॉइड दिले. स्टिरॉइडमुळे खुरांच्या आतल्या भागाला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून मालकांना रोज खुरांना हात लावून ते गरम लागतात का ते पाहायला सांगितले. श्वासनलिका मोकळ्या करण्यासाठी माणसांचाच साल्ब्युटामॉलचा पंप वापरला. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून, कडेला कापड गुंडाळून ती एका नाकपुडीवर बसवली आणि दुसऱ्या टोकाला पंप जोडला. पहिल्या फवाऱ्याला घोडीने मान उडवली; गूळ मिळाल्यावर पुढचे फवारे तिने शांतपणे घेतले. संध्याकाळी श्वास 24 वर आले होते.

ग्लँडर्सचा अहवाल नकारार्थी आला, त्यानंतर घोडीला कामठी रस्त्यावरच्या त्यांच्या मेव्हण्याच्या मोकळ्या आवारात हलवले. तिथे अंथरायला लाकडाचा भुसा टाकला, कुटार पूर्ण भिजवून, निथळून, जमिनीलगत ठेवून द्यायला सुरुवात केली आणि इकडे गोठ्यातले तणस जाळून टाकले. शेजाऱ्याच्या मक्यावर कोणाचा अधिकार नव्हता, गाजरगवत मात्र फुले झडण्याची वाट न पाहता उपटायला लावले. काही आठवड्यांत खोकला जवळपास थांबला. जागा, चारा आणि औषध एकाच वेळी बदलल्यामुळे यश कोणाचे हे सांगता येत नाही. मालक अजूनही मक्यालाच दोष देतात आणि मी तणसाला.

तुळशीच्या लग्नानंतरच्या वरातींचे इसार घ्यावेत का, असे त्यांनी विचारले. विश्रांतीतले श्वास सलग आठवडाभर 16 च्या आत राहिले तरच घ्या, घोडी नाचवायची नाही आणि फटाक्यांची माळ लावणाऱ्यांपासून तिला दूर ठेवायचे, असे मी सांगितले. त्यांनी घरच्या कॅलेंडरवर रोजचे श्वास लिहायला सुरुवात केली आणि पहिल्या दोन वराती स्वतःहून नाकारल्या.