शिष्यवृत्ती मिळाली, प्रवेश मात्र अजून बाकी होता

जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे तिथल्या विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश झाला, असं आपल्याकडे बहुतेक जण धरून चालतात. तसं नसतं. मुंबईतल्या जपानी वाणिज्य दूतावासात अर्ज, लेखी परीक्षा, मुलाखत हे सगळं पार पडलं, सेन्सेईंनी, म्हणजे तिथल्या प्राध्यापकांनी, मला घ्यायची तयारी दाखवणारं पत्र दिलं, विमानाचं तिकीटही सरकारने काढलं. तरी एप्रिलमध्ये मी सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात पोचले ती ‘केनक्युसेई’, म्हणजे संशोधक विद्यार्थिनी, म्हणून. लॅबमध्ये टेबल असतं, ओळखपत्र असतं, दरमहा पैसे येतात, पण पदवीच्या अभ्यासक्रमात नाव नसतं. ते लागायला ‘इन्शी’ द्यावी लागते, म्हणजे विभागाची प्रवेशपरीक्षा, आणि तीही जपानी मुलांच्या बरोबरीने. शिष्यवृत्तीला मुदत असते, त्यामुळे परीक्षा लांबवत बसण्याची सोय नाही. माझं ते सगळं वर्ष या परीक्षेभोवती फिरलं. येणाऱ्या मुलामुलींना आधीच अंदाज यावा म्हणून सविस्तर लिहितेय.

मी सांगलीची. पुण्यात मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र, शिकले. सेंदाई निवडलं ते धातूंसाठी. होंदा कोतारो यांनी १९१७ साली इथेच केएस चुंबकीय पोलाद तयार केलं आणि त्यातून उभी राहिलेली धातुसंशोधनाची संस्था आजही शहरातल्या काताहिरा आवारात आहे. आणखी एक गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते. १९१३ साली जपानमध्ये सर्वप्रथम मुलींना प्रवेश दिला तो याच विद्यापीठाने. कुरोदा चिका, तांगे उमे आणि माकिता राकू या त्या तिघी. आमच्या विभागात आजही मुली मोजक्याच आहेत, त्यामुळे ही नावं मला फार जवळची वाटतात.

पहिले दोन आठवडे कागदपत्रांत गेले. नारिताला उतरल्यावर विमानतळावरच निवासाचं कार्ड हातात मिळतं. राहायची जागा ठरली की चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात, म्हणजे कुयाकुशोत, जाऊन त्यावर पत्ता लिहून घ्यायचा. तिथेच आरोग्यविम्याची नोंदणी होते. दवाखान्याच्या खर्चातला तीस टक्के भाग आपण भरायचा, बाकी विमा भरतो. विद्यार्थ्याचं उत्पन्न कमी असल्याने हप्ताही कमी लागतो. वय वीस पूर्ण असेल तर राष्ट्रीय पेन्शनमध्येही नाव जातं, मात्र विद्यार्थ्यांना हप्ते पुढे ढकलण्याचा अर्ज करता येतो. तो त्याच खेपेत करून टाकावा, नाहीतर घरी भरण्याच्या पावत्या येऊ लागतात. मग पोस्टाच्या बँकेत खातं, मग फोन. नव्या परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठ एक ट्यूटर देतं, साधारणपणे त्याच लॅबमधला मोठा विद्यार्थी. माझा ट्यूटर एम-टूला, म्हणजे मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला होता. प्रत्येक खिडकीवर तो माझ्याबरोबर उभा राहिला. फॉर्म मात्र एकदाही स्वतः भरला नाही. कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते दाखवायचा आणि पेन माझ्याच हातात ठेवायचा. दोन आठवड्यांत मला माझा पत्ता कांजीत न बघता लिहिता येऊ लागला तो त्यामुळे.

केनक्युसेईला महिन्याला १,४३,००० येन मिळतात, मास्टर्सला १,४४,०००. दर महिन्याला विद्यापीठात जाऊन सही करावी लागते, सही नाही तर त्या महिन्याचे पैसे नाहीत. काटकसरीने राहिलं तर सेंदाईत एवढ्यात छान भागतं. फीचा भार मेक्स्टवाल्यांवर नसतो. स्वखर्चाने येणाऱ्यांसाठी सांगते: मी आले तेव्हा राष्ट्रीय विद्यापीठात परीक्षा शुल्क ३०,०००, प्रवेश शुल्क २,८२,००० आणि वर्षाची फी ५,३५,८०० येन असा हिशेब होता. काही विद्यापीठांनी त्यानंतर फी वाढवली आहे, तेव्हा आपल्या विद्यापीठाचा ताजा आकडा बघूनच ठरवा.

आमची लॅब आओबायामा टेकडीवर आहे. २०१५ साली तोझाई मेट्रो सुरू झाल्यापासून स्टेशन थेट आवारात आलंय. वर दाट झाडी आहे आणि अस्वल दिसल्याच्या सूचना खरोखरच येतात, संध्याकाळी एकटं रानातल्या वाटेने जाऊ नका म्हणून. लॅबच्या दाराशी एक पांढरा फळा. त्यावर सगळ्यांची नावं आणि पुढे चुंबक: लॅबमध्ये, वर्गात, जेवायला, घरी. सकाळी आल्यावर चुंबक सरकवायचा, रात्री निघताना पुन्हा सरकवायचा आणि ‘ओसाकी नी शित्सुरेई शिमासु’, म्हणजे ‘तुमच्या आधी निघते, माफ करा’, असं म्हणायचं. बसलेले सगळे ‘ओत्सुकारेसामा’, म्हणजे ‘दमलात, छान काम केलंत’, असं म्हणतात. मला ही पद्धत पहिल्या दिवसापासून आवडली. कोण भट्टीजवळ एकटं काम करतंय हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि धातू वितळवणाऱ्या लॅबमध्ये ते ठाऊक असायलाच हवं. गॅसचे सिलिंडर वर आणि खाली दोन ठिकाणी साखळीने बांधलेले, कपाटं भिंतीला जखडलेली. ११ मार्च २०११ च्या भूकंपात या टेकडीवरच्या काही इमारतींचं इतकं नुकसान झालं की त्या नव्याने बांधाव्या लागल्या. त्यामुळे सुरक्षेचं प्रशिक्षण झाल्याशिवाय कुणालाही कशालाही हात लावू देत नाहीत.

आठवड्यातून एकदा झेमी, म्हणजे सगळ्या लॅबची बैठक. दोघं-तिघं आपल्या कामाची प्रगती मांडतात, बाकीचे प्रश्न विचारतात. आणखी एका दिवशी रिंको: एक पाठ्यपुस्तक घेऊन आळीपाळीने एकेकाने प्रकरण समजावून सांगायचं. सुरुवातीला झेमीतलं मला फार थोडं कळायचं. पण स्लाइडवरचे आलेख कळायचे, फेज डायग्राम, म्हणजे कुठल्या तापमानाला धातू कुठल्या रूपात असतो ते दाखवणाऱ्या आकृत्या, कळायचे. मी प्रत्येक बैठकीत ऐकलेले शब्द वहीत टिपायचे आणि रात्री अर्थ शोधायचे. ज्योताइझु म्हणजे फेज डायग्राम, काकुसान म्हणजे डिफ्यूजन. हीच वही पुढे परीक्षेला कामी आली.

खरं शिक्षण मात्र पॉलिशिंगच्या खोलीत झालं. पोलादाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तर त्याचा पृष्ठभाग आरशासारखा करावा लागतो. फिरत्या चाकावर पाण्याखाली आधी जाड दाण्याचा एमरी पेपर, मग बारीक, मग आणखी बारीक: ३२०, ६००, ८००, १२००, २०००. प्रत्येक पायरीला नमुना नव्वद अंशांत फिरवायचा, म्हणजे आधीचे ओरखडे आडवे दिसतात आणि ते पूर्ण गेले की नाही ते कळतं. मग कापडावर हिऱ्याची पेस्ट. मध्ये प्रत्येक वेळी नमुना आणि हात धुवायचे, कारण जाड पेपरचा एक कण जरी पुढच्या चाकावर गेला तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. पुण्यात मी हे शिकले होते. ग्रेन, म्हणजे धातूतले सूक्ष्म स्फटिक, दिसले, फोटो निघाला, की आमचं काम संपायचं. इथे नमुना पुढे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये ईबीएसडीसाठी, म्हणजे स्फटिकांची दिशा मोजणाऱ्या तपासणीसाठी, जाणार होता आणि त्याला पृष्ठभागाच्या अगदी वरच्या थरातलीही विकृती चालत नाही. ट्यूटर नमुना दिव्याखाली तिरका धरायचा, बघायचा आणि शांतपणे म्हणायचा, “मोउ इक्काई.” पुन्हा एकदा. आवाजात राग नसायचा, घाईही नसायची. संध्याकाळी स्वतःचं काम थांबवून तो माझ्या शेजारच्या चाकावर उभा राहायचा आणि बोटांचा दाब कसा सगळीकडे सारखा ठेवायचा ते दाखवायचा. मे महिन्याच्या शेवटी एका संध्याकाळी त्याने नमुना नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितला आणि नायटलची बाटली पुढे केली. नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं ते मिश्रण लावून धुतलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, आणि फेराइटच्या, म्हणजे पोलादातल्या लोहाच्या एका रूपाच्या, ग्रेनच्या सीमा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ उमटल्या. इतकं निर्मळ पोलाद मी तोवर पाहिलं नव्हतं. तो फोटो मी आईला पाठवला. तिने विचारलं, “हे कसलं नक्षीकाम गं?”

जूनपासून परीक्षेची तयारी. जपानात या परीक्षेची गुरुकिल्ली म्हणजे काकोमोन, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका. बरेच विभाग त्या देतात, पण उत्तरं देत नाहीत. उत्तरं असतात ती लॅबमध्ये, सेनपाईंनी, म्हणजे आधीच्या वर्षांच्या विद्यार्थ्यांनी, हाताने लिहून पुढच्यांसाठी ठेवलेली. आमच्याकडे जाडजूड फाइल होती, वेगवेगळ्या अक्षरांतली, कुठे समासात “हे चुकीचं वाटतं, तपासा” अशी नंतरच्या कुणाची तरी नोंद. गणित, थर्मोडायनॅमिक्स, स्फटिकरचना, पदार्थांची मजबुती (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स), असं सगळं त्यात होतं. विषय माझ्या ओळखीचे होते, प्रश्नांची भाषा नव्हती. आमच्या विभागात उत्तरं इंग्रजीत लिहायला परवानगी होती, पण प्रश्न जपानीत. म्हणून मी आधी गणित केलंच नाही, प्रश्न वाचायला शिकले. ग्योरेत्सु म्हणजे मॅट्रिक्स, कोयूची म्हणजे आयगेनव्हॅल्यू, सेकिबुन म्हणजे इंटिग्रेशन. आणि त्याहून महत्त्वाची म्हणजे शेवटची क्रियापदं: ‘शोधा’, ‘सिद्ध करा’, ‘आकृती काढून स्पष्ट करा’. परीक्षेतली भाषा ठरावीक असते. चाळीस-पन्नास शब्द पक्के झाले की प्रश्न उलगडू लागतात. बोलता येणारं जपानी आणि परीक्षेचं जपानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी तुलनेने लवकर येते. ज्यांना भाषेची धास्ती वाटते त्यांना हे मी आवर्जून सांगते.

लॅबमधली चौथ्या वर्षाची मुलंही तीच परीक्षा देणार होती. दुपारी आम्ही फळ्यासमोर एकत्र बसायचो. त्यांना माझं थर्मोडायनॅमिक्स उपयोगी पडलं, मला त्यांचं वाचन. जुन्या फाइलमध्ये मी माझी उत्तरं इंग्रजीत लिहून लावली. आपल्याच जागेसाठी स्पर्धा करणारी ही मुलं इतक्या मोकळेपणाने शिकवतात, हे मला फार मोठं वाटलं आणि आजही वाटतं.

जुलैत अर्ज भरला. इंग्रजीसाठी वेगळा पेपर नव्हता, टोईक किंवा टोफेलचे गुण जोडायचे होते, त्यामुळे ती परीक्षा आधीच दिलेली असावी लागते. हे अनेकांच्या उशिरा लक्षात येतं. ६ ते ८ ऑगस्टला सेंदाईचा तानाबाता हा सण. बाजारपेठेच्या छताखाली कागदाच्या लांबलचक रंगीत झालरी लटकत असतात आणि लोक इच्छा लिहून बांबूला बांधतात. मी एक संध्याकाळ पुस्तकं मिटून गेले. चिठ्ठीवर मराठीतच लिहिलं.

परीक्षा ऑगस्टच्या अखेरीस. हॉलमध्ये पूर्ण शांतता, टेबलाच्या कोपऱ्यावर परीक्षा क्रमांक, शिसपेन्सिल, खोडरबर आणि घड्याळ एवढंच. गणितातला मॅट्रिक्सचा प्रश्न वाचताच कळला. थर्मोडायनॅमिक्सच्या एका प्रश्नात एक शब्द अडला, पण शेजारच्या समीकरणावरून अर्थ लागला. नंतर मुलाखत. समोर रांगेने प्राध्यापक, मी पुढच्या दोन वर्षांत काय करणार ते विचारत होते. मी मे महिन्यातला तो फोटो छापून नेला होता. त्यावरूनच प्रश्न सुरू झाले: हा ग्रेन इतका मोठा का, भट्टीत किती वेळ ठेवलं, हवेत थंड केलं की पाण्यात. मला सगळं सांगता आलं, कारण सगळं मी माझ्या हाताने केलं होतं.

निकाल परीक्षा क्रमांकांच्या यादीने लागतो, नावं नसतात. माझा क्रमांक दिसला तेव्हा लॅबमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या टेबलावरच्या मुलाचाही क्रमांक यादीत होता, त्याच्यासाठी मला माझ्याइतकाच आनंद झाला.

शरद ऋतूत हिरोसे नदीच्या काठी इमोनीकाई असते. लॅबची मंडळी दगडांची चूल मांडून मोठ्या पातेल्यात सातोइमो शिजवतात. हे सातोइमो म्हणजे आपल्या अळकुड्यांच्याच जातीचे कंद. सेंदाईची पद्धत म्हणजे मिसो आणि डुकराचं मांस. मी शाकाहारी. इथे शाकाहार म्हणजे नुसतं मांस टाळणं नाही, कारण सुपाच्या पाण्यातच बहुधा कात्सुओ माशाचा अर्क असतो. हे लक्षात ठेवून ट्यूटरने समुद्री शेवाळाच्या पाण्यात, मांसाशिवाय, एक छोटं पातेलं वेगळं रांधलं. मी त्यात घरून आलेला गोडा मसाला थोडा घातला आणि ते पातेलं सगळ्यांनी मिळून संपवलं.

फेब्रुवारीत ट्यूटरचं ‘शुरोन’, मास्टर्सच्या प्रबंधाचं सादरीकरण झालं. जानेवारीभर लॅबमधले दिवे उशिरापर्यंत जळत होते, आणि आम्ही धाकटे त्याचे नमुने पॉलिश करून देत होतो. मार्चमध्ये तो नोकरीला गेला. त्याच सुमारास माझी कागदपत्रं पुन्हा सुरू झाली. प्रवेश मिळाला तरी शिष्यवृत्ती आपोआप पुढे चालू राहत नाही. मुदतवाढीचा वेगळा अर्ज असतो, आणि त्याची विद्यापीठातली तारीख बरीच आधीची असते. एप्रिलपासून मी एम-वन. दोन वर्षांत तीस क्रेडिट आणि प्रबंध.

येणार असाल तर निघण्याआधीच सेन्सेईंना ईमेलने विचारा: इन्शी कुठल्या महिन्यात, प्रश्न कुठल्या भाषेत, उत्तरं इंग्रजीत चालतात का, इंग्रजीचे कुठले गुण लागतात, आणि काकोमोन कुठून मिळतील. बहुतेक सेन्सेई नीट उत्तर देतात. प्रश्नपत्रिका हाती आल्या की पहिल्या दिवशी सोडवू नका, आधी सगळ्या कांजी शब्दांची यादी करा. टोईक किंवा टोफेल भारतातच देऊन या, आणि पदवीच्या वेळची प्रात्यक्षिकांची वही सामानात ठेवा.