स्नेअर डायरी: सात दिवस स्टिकशिवाय

स्नेअर म्हणजे खालच्या बाजूला तारा ताणलेला ड्रम. त्यावरचा माझा डबल स्ट्रोक रोल (प्रत्येक हाताने दोन-दोन फटके) अजून मिनिटाला ९० ठोक्यांवरच अडकलाय. त्याच्या पुढे गेलं की डावा हात फरफटतो. म्हणून या आठवड्यात स्टिक सरळ कपाटात टाकल्या.

डोकं माझं नाही, एव्हलिन ग्लेनीच्या सरांचं. स्कॉटलंडच्या या बाई १२ व्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या होत्या. तालवाद्याच्या पहिल्या तासाला त्या स्टिक घेऊन तयारीत गेल्या, तर सरांनी नुसता स्नेअर हातात दिला: सात दिवस घरी ने, स्टिक नकोत. हेच सर टिंपनी (सुरात लावायचे मोठे ड्रम) वाजवायचे आणि ही मुलगी भिंतीला हात टेकून कंप शोधायची. खर्ज पायांत, वरचे स्वर चेहऱ्यावर आणि मानेपाशी. आजही बाई अनवाणी वाजवतात ते उगीच नाही. पुढे त्यांनी एकल तालवादन हाच पूर्णवेळ पेशा केला, १९८९ मध्ये संगीतकार बार्टोकच्या सोनाटा या रचनेसाठी ग्रॅमी, २०१५ मध्ये पोलार संगीत पुरस्कार. आणि शिकवतात काय, तर ऐकायला.

तर माझा आठवडा. पहिले दोन दिवस शुद्ध कंटाळा. बोटांनी रोल काढायचा प्रयत्न केला. ती चोरीच म्हणायची.

तिसऱ्या दिवशी ड्रम उलटा केला. खालचं हेड, म्हणजे ताणलेला पडदा, किती पातळ असतं! त्यावरच्या तारा मी नुसता बोललो तरी कुजबुजतात, शीळ घातली तर ठरावीक सुरालाच जास्त. तारांचा खटका सोडला आणि हेड ताणणाऱ्या प्रत्येक बोल्टसमोर, रिमपासून (काठापासून) इंचभर आत, बोटाने टिचकी मारत गेलो. दहांपैकी एकाचा सूर चांगलाच उतरलेला. तीन महिने मी त्या बसक्या आवाजासाठी स्टिकला शिव्या घालत होतो.

खरी गंमत पाचव्या दिवशी. डोळे मिटून दोन्ही हातांची बोटं हेडवर टेकवली: उजवी मध्यापाशी, डावी रिमकडे सरकलेली. स्टिक धरतानाही हेच होत असणार, म्हणून डावा फटका पातळ आणि झणझणीत येतो. मी त्याला कमजोर हात समजून वेग वाढवत बसलो होतो.

आठव्या दिवशी स्टिक काढल्या. हेडवर पेन्सिलने नाण्याएवढं वर्तुळ काढलंय, दोन्ही टोकं तिथेच पडायला हवीत. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर. डावी दर चार ठोक्यांतून एकदा बाहेर जाते.